हट्ट की हाक? विशेष मुलांचे वागणे आणि त्यांचे घर



बहरीन हा देश नकाशावर बोटाच्या टोकाखाली झाकला जातो. एवढ्याशा बेटावर आज तीन लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांत केरळी बांधव सर्वांत जास्त. पण मनामा, मुहर्रक, रिफा, जुफेर या भागांत मराठी घरेही आहेत. कोणी बँकेत, कोणी इस्पितळात, कोणी बांधकामावर. काहीजण रोज सकाळी २५ किलोमीटर लांबीचा किंग फहद पूल ओलांडून सौदी अरेबियात कामाला जातात आणि रात्री परततात. मागे घरात राहते ती आई आणि मुले.

या घरांपैकी काहींत एखादे मूल असे असते की जे वेळेवर बोलू लागले नाही, किंवा बोलते पण संवाद करत नाही, किंवा वय वाढले तरी समज मागे राहिली. ते अचानक ओरडते, डोके भिंतीवर आपटते, स्वतःचा हात चावते, धाकट्या बहिणीला ओचकारते, दार उघडे दिसले की पळत सुटते. अशा घरांविषयी आज लिहायचे आहे. बहरीनचे उदाहरण घेतले, कारण परदेशातल्या बंद फ्लॅटमध्ये हा प्रश्न उघडा पडतो. प्रश्न मात्र ठाणे, पनवेल, अश्दोद, दिमोना, सगळीकडचाच आहे.

अलिबाग-रेवदंड्याच्या घरात असे मूल असले तर अंगण होते, आजी होती, शेजारची काकू होती. आईने भाकऱ्या थापेपर्यंत कोणीतरी त्याला विहिरीपासून लांब ठेवत असे. बहरीनमध्ये जून ते सप्टेंबर दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास जाते, हवा दमट असते, त्यामुळे मुलाला बाहेर नेता येत नाही. वरच्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, चालू एसी, बंद खिडक्या, आणि खालच्या मजल्यावरून येणारी तक्रार. चार जणांचे काम एका बाईवर येते. तिला लोक सल्ला देतात, मदत फार थोडे देतात.

वाईट वळण नव्हे

मेंदूची वाढ वेगळ्या प्रकारे झाल्यामुळे बोलणे, शिकणे, हालचाल किंवा माणसांत मिसळणे अवघड जाते, त्याला विकासात्मक दिव्यांगत्व म्हणतात. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी हे त्यातले नेहमी आढळणारे प्रकार. जगभराचा अंदाज पाहिला तर शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल स्वमग्न असते, आणि सुमारे हजार जन्मांमागे एक बाळ डाऊन सिंड्रोम घेऊन येते. म्हणजे कोणत्याही मोठ्या शाळेत, कोणत्याही समाजात अशी मुले असणारच.

यात आईच्या संगोपनाचा दोष नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला परदेशातले काही नामवंत तज्ज्ञच म्हणत असत की आईच्या थंड स्वभावामुळे मूल स्वमग्न होते. तो विचार पुढे पूर्णपणे चुकीचा ठरला. गोवराच्या लसीमुळे स्वमग्नता येते हा दावाही असाच. १९९८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो निबंध छापून आला, आणि २०१० साली त्याच नियतकालिकाने तो मागे घेतला. तरी आपल्याकडे अजून सुनेलाच विचारले जाते, "पोटुशी असताना काय खाल्लेस?" हा प्रश्न आता बंद झाला पाहिजे.

मारणे, चावणे, डोके आपटणे हे त्या दिव्यांगत्वाचे ठरलेले लक्षणही नाही. अशा मुलाला दुखले, भीती वाटली, कंटाळा आला, काही हवे असले तर ते सांगायला शब्द अपुरे पडतात. मग ते शरीराने सांगते. बहरीनमध्ये अशा मुलांसाठी काम करणारी एक संस्था आहे. तिच्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'वर्तन आणि संवादाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठीची बहरीन संस्था'. वर्तन आणि संवाद हे दोन्ही शब्द तिने एकाच नावात बांधले आहेत. आजच्या लेखाचा मुद्दाही तोच आहे. मूल असे का वागते हे आधी शोधा, मग ते थांबवण्याच्या मागे लागा.

आधी शरीर तपासा

शांत असलेले मूल दोन-चार दिवसांत एकदम बिथरले, तर पहिली शंका दुखण्याची घ्यावी. किडलेली दाढ, कानातला पू, बद्धकोष्ठ, पोटातली जळजळ, लघवीची जळजळ, मुलीची पाळी, यांतले काहीही असू शकते. न बोलणारे मूल दात दुखतो म्हणून गालावर बुक्के मारून घेते, आणि घरच्यांना वाटते की नवीन खोड लागली. एसीमध्ये राहणारी आणि ठरावीक तीनच पदार्थ खाणारी मुले पाणी कमी पितात, त्यांच्यात बद्धकोष्ठ फार. मूल काही क्षण टक लावून पाहते आणि हाक ऐकत नाही, असे वारंवार झाले तर फिट्सची तपासणी करावी. स्वमग्न मुलांत फिट्सचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असते.

झोपेकडेही पाहा. रात्री तीनला उठणारे मूल संध्याकाळी चिडणारच, आणि त्याची आईही. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल बंद, दिवे मंद, अंघोळ, आणि रोज त्याच वेळी अंथरूण, एवढ्याने पुष्कळ मुलांत फरक पडतो. पडला नाही तर डॉक्टरांना सांगावे. मनाने झोपेचे औषध देऊ नये.

चार कारणे आणि एक वही

शरीराचे कारण नसेल तर मूल तसे वागून काय मिळवते ते पाहावे. तज्ज्ञांनी याची साधारण चार कारणे सांगितली आहेत. एक, कोणीतरी आपल्याकडे पाहावे. दोन, नको ते काम किंवा नको ती जागा टळावी. तीन, हवी ती वस्तू मिळावी. चार, त्या कृतीतूनच शरीराला काही मिळते, म्हणजे डोलण्यातून आराम किंवा कान दाबल्याने आवाज कमी होणे. वरून एकसारखे दिसणारे वागणे दोन मुलांत दोन वेगळ्या कारणांनी होते, म्हणून शेजारणीच्या मुलाला लागू पडलेला उपाय आपल्या मुलाला लागू पडेलच असे नाही.

कारण शोधायला महागडे यंत्र लागत नाही. एक शाळेची वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात, आधी काय घडले. दुसऱ्यात, मुलाने काय केले आणि किती वेळ. तिसऱ्यात, त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले. वेळही लिहा. आठ दिवस, जमतील तेवढ्या नोंदी, दोन-दोन ओळींत.

समजा, जुफेरमध्ये सातव्या मजल्यावर राहणारे एक कुटुंब आहे. नऊ वर्षांचा मुलगा, दहा-बारा शब्द बोलणारा. रोज संध्याकाळी तो हात चावतो आणि किंचाळतो. आई घाईघाईने मोबाईल देते, तो गप्प होतो. घरातल्यांचे मत ठरलेले की 'ह्याला मोबाईलचे वेड लागले'. आता वही पाहू. आठ दिवसांत अकरा नोंदी. त्यांतल्या आठ वेळा आधी लिहिण्याची पुस्तिका उघडली होती. दोनदा शेजारच्यांच्या ड्रिलचा आवाज होता. मोबाईल मागितल्याची नोंद एकच. म्हणजे बहुतेक वेळा मुलाला लिहिण्यापासून सुटका हवी होती. मोबाईल आयताच मिळत गेला.

यात आईला बोल लावायचा नाही. खालचे लोक दार ठोठावत असताना, धाकटे मूल रडत असताना, तिच्यापुढे दुसरा मार्ग काय होता? पण कारण कळल्यावर मार्ग सापडतो.

किंचाळण्याऐवजी काय

१९८५ साली अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोन मानसशास्त्रज्ञांनी चार मुलांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुले अवघड काम आले की बिथरत, तर काही मोठ्यांचे लक्ष कमी झाले की. त्यांनी मुलांना दोन प्रकारची वाक्ये शिकवली. एक मदत मागायचे, की मला हे समजत नाही. दुसरे लक्ष वेधायचे, की माझे काम बरोबर चालले आहे ना. ज्या मुलाच्या गरजेशी वाक्य जुळले, त्याचे बिथरणे उतरले. न जुळणाऱ्या वाक्याने तो फायदा झाला नाही. त्यानंतर गेली चाळीस वर्षे जगभर या पद्धतीवर काम झाले आहे. मुलाची गरज ओळखून ती मागण्याचा सोपा, सभ्य मार्ग शिकवायचा, हे तिचे सार.

आपल्या जुफेरच्या मुलाला 'मला थांबायचे आहे' हे वाक्य जमणार नाही. मग पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर उघड्या तळहाताचे चित्र काढा. पुस्तिका उघडली की एक ओळ लिहून होताच, तो चिडण्याआधी, त्याचा हात धरून ते कार्ड आपल्या हातात ठेवायला लावा, म्हणा "थांबू या," आणि लगेच दोन मिनिटे सुटी द्या. काही दिवसांत तो स्वतः कार्ड देऊ लागतो. सुरुवातीला प्रत्येक वेळी सुटी द्यायची, मग हळूहळू एक ओळ, दोन ओळी वाढवायच्या. चावण्यापेक्षा कार्ड लवकर काम करते हे त्याला कळले पाहिजे. कधी कार्डाला दाद दिली, कधी नाही, असे केले तर तो चावण्याकडेच वळेल.

त्याबरोबर दिवसाचा क्रमही चित्रांत लावा. दूध, शाळेची बस, जेवण, लिहिणे, खेळ, अंघोळ, झोप. पुढे काय येणार हे दिसले की पुष्कळ मुलांची घालमेल कमी होते. बहरीनमध्ये साप्ताहिक सुटी शुक्रवारी आणि शनिवारी असते. रविवारी पुन्हा शाळा. सुटीवर भारतात आल्यावर हे वार बदलतात, तर निघण्याच्या आठवडाभर आधी तक्त्यावर विमानाचे, आजीच्या घराचे चित्र लावून दाखवावे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. आजवर किंचाळून मिळत होते ते मिळेनासे झाले की काही दिवस किंचाळणे वाढते. अशा वेळी पुष्कळ घरे हात टेकतात. चौथ्या दिवशी कंटाळून पुन्हा मोबाईल दिला, तर मुलाला कळते की जास्त वेळ किंचाळावे लागते, एवढेच. म्हणून सुरुवात शाळेच्या परीक्षेच्या आठवड्यात किंवा घरी पाहुणे असताना करू नये. डोके आपटून जखम होत असेल, डोळ्यांना इजा होत असेल, तर दुर्लक्ष करण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नये. तेथे तज्ज्ञ हवा.

वादळ आलेच तर

मूल पूर्ण बिथरलेले असताना त्याला काहीही शिकवता येत नाही. त्या वेळी समजावणी, दटावणी, 'सॉरी म्हण' सगळे व्यर्थ. आवाज खाली आणा, शब्द कमी करा, दिवा आणि टीव्ही बंद करा, धाकट्या भावंडाला दुसऱ्या खोलीत पाठवा, टोकदार वस्तू उचला. डोके आपटत असेल तर मध्ये उशी धरा. अंगावर बसणे, तोंड दाबणे, बांधून ठेवणे यांनी जीवही जाऊ शकतो. मारामुळे मूल घाबरते, आणि मोठे झाल्यावर तेच करते. आठ वर्षांच्या मुलाला आवरणाऱ्या आईला सोळा वर्षांचा मुलगा आवरणार नाही, हे आज लक्षात ठेवावे.

घराची सुरक्षितता वेगळी. खिडक्यांना कुलूप, बाल्कनीला जाळी, मुख्य दाराला वरची कडी. गाडीत मागच्या दारांचे चाइल्ड लॉक. घर सोडून निघून जाणाऱ्या स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते आणि बुडण्याचा धोका मोठा असतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. बहरीन तर बेट, त्यात इमारतीत पोहण्याचे तलाव. म्हणून मुलाला पोहायला शिकवावे, आणि ते सापडेनासे झाले तर सर्वांत आधी पाण्याकडे धावावे. त्याच्या कपड्याला आतून आई-वडिलांचा मोबाईल नंबर इंग्रजी आणि अरबीत शिवून ठेवावा. बहरीनमध्ये तातडीच्या मदतीचा क्रमांक ९९९ आहे.

औषधांविषयी थोडे. रिस्पेरिडोनसारखी काही औषधे स्वमग्न मुलांची तीव्र चिडचिड आणि आक्रमकता कमी करतात. मूळ स्थिती त्यांनी बरी होत नाही, आणि भूक व वजन झपाट्याने वाढू शकते. ती बालमानसोपचार तज्ज्ञांनीच द्यावी, वजन आणि रक्ताची तपासणी होत राहावी, आणि औषध मनाने एकदम बंद करू नये. स्टेम सेलची इंजेक्शने, शरीरातले धातू काढून टाकण्याचे उपचार यांनी स्वमग्नता जाते हे सिद्ध झालेले नाही. दागिने गहाण टाकून असल्या उपचारांच्या मागे लागू नये.

मराठी सोडू नका

परदेशातल्या आईला हमखास सांगतात, "घरात फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मूल गोंधळेल." मग ज्या आईला मराठीत गाता येते, रागावता येते, लाड करता येतात, ती तोडक्यामोडक्या इंग्रजीत चार वाक्यांवर येते. मुलाच्या वाट्याला येणारी भाषाच आटते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांत, घरी दोन भाषा ऐकणारी स्वमग्न किंवा डाऊन सिंड्रोम असलेली मुले एकच भाषा ऐकणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे पडल्याचे दिसलेले नाही. म्हणून आईने मराठीतच बोलावे. छोटी वाक्ये, रोज तेच शब्द. आई 'पाणी' म्हणते, शाळा 'वॉटर' म्हणते, पण चित्राचे कार्ड दोन्हीकडे एकच ठेवावे. मग अडत नाही. आजीशी फोनवर दोन शब्द बोलता आले तर त्या मुलाचे घर तेवढे मोठे होते.

बहरीनमध्ये दार कोठे ठोठवावे

वर जिच्या नावाचा उल्लेख केला ती संस्था लहान मुलांसाठी 'आलिया' हे केंद्र चालवते. वाणी, वर्तन आणि शिक्षण यांवर तेथे काम होते. सलमानिया हे मोठे सरकारी रुग्णालय. तपासणीची सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून किंवा आपल्या विम्याच्या बालरोगतज्ज्ञांपासून करावी. १९५६ पासून काम करणारी इंडियन लेडीज असोसिएशन 'स्नेह' नावाचे विशेष मुलांचे केंद्र स्वयंसेविकांच्या बळावर चालवते. मुलाला तेथे खेळ आणि सोबत मिळते. आईला मिळतात तिच्यासारख्या दुसऱ्या आया, आणि तेही तितकेच मोलाचे. महाराष्ट्र कल्चरल सोसायटीसारखी मंडळे आहेत. गणपती आणि दिवाळीच्या कार्यक्रमात अशा घरांसाठी एक शांत खोली ठेवणे त्यांना सहज जमेल.

बहरीनने दिव्यांगांची काळजी, पुनर्वसन आणि रोजगार यांसाठी २००६ साली ७४ क्रमांकाचा कायदा केला. मात्र तेथील दिव्यांग भत्ता नागरिकांसाठी आहे. परदेशी कुटुंबाला थेरपीचा खर्च बहुधा खिशातूनच करावा लागतो. म्हणून नोकरी स्वीकारताना किंवा करार नवा करताना दोन प्रश्न लेखी विचारा. विम्यात स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी येते का? आणि मूल सज्ञान झाल्यावर त्याचा निवास परवाना आमच्याबरोबर चालू राहील का? दुसरा प्रश्न पुष्कळ जण मूल सतरा वर्षांचे झाल्यावर विचारतात.

तेथील भारतीय शाळा बहुतांशी सीबीएसईच्या आहेत. दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक, जादा वेळ, एखाद्या भाषेतून सूट अशा सवलती सीबीएसई देते. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, म्हणून दहावीची वाट पाहत बसू नये.

थेरपीचे पैसे कमी असतील तर आठवड्याला तीन सत्रांऐवजी महिन्याला दोन घ्या, पण आईने किंवा बाबांनी त्या खोलीत बसून शिकून यावे. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात्मक अडचणी असलेल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक अभ्यासक्रम तयार केला आहे. त्यात नऊ गटबैठका आणि तीन घरभेटी असतात. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसेही तो चालवू शकतात. २०२२ पासून त्याचे ऑनलाइन रूपही निघाले आहे. आठ-दहा मराठी आयांनी एकत्र बसून तो पाहिला, तरी मोठे काम होईल.

राहायचे की परतायचे

हा प्रश्न अशा प्रत्येक घरात रात्री जेवण झाल्यावर निघतो. पगार बहरीनमध्ये, माणसे महाराष्ट्रात. बहुतेक वेळा ठरते असे की आई मुलाला घेऊन गावी जाईल आणि वडील तिथेच राहतील. पैसे येत राहतात. पण आई माहेरी किंवा सासरी एकटीच उत्तरे देत बसते, आणि वडिलांना मुलगा व्हिडिओ कॉलवरच मोठा होताना दिसतो. कोणता निर्णय बरोबर हे बाहेरच्याने सांगू नये. मात्र निर्णय घेण्याआधी ज्या गावी जायचे तेथे शाळा आहे का, थेरपिस्ट आहे का, हे सुटीत जाऊन पाहून यावे. मुंबईत १९४४ पासून चाललेली शिवडीची जय वकील शाळा आणि २००१ साली सुरू झालेले उमीद बालविकास केंद्र यांची नावे पुष्कळांना माहीत आहेत. आपल्या गावापासून ती किती लांब पडतील, रोजची ने-आण कोण करील, हा हिशेब आधी करावा.

कागदपत्रे दोन्हीकडे लागतात. बहरीनमधून निघताना तपासण्यांचे, थेरपीचे आणि शाळेचे अहवाल तारखांसह घ्यावेत. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे, त्यात स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड सुटीवर आल्याआल्या काढायला घ्यावे. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान होते. त्यानंतर त्याच्या वतीने सही करायला पालकांनाही कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करतात.

आईचे आरोग्य

हा आरोग्याचा स्तंभ आहे, म्हणून हे आवर्जून लिहिते. अशा मुलांच्या आयांमध्ये नैराश्य, निद्रानाश, पाठदुखी, रक्तदाब यांचे प्रमाण जास्त असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नाही, सकाळी उठावेसे वाटत नाही, 'मी आणि हे मूल दोघेही नसतो तर बरे' असा विचार येतो, अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. भारतात टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते. इस्रायलमध्ये 'एरान'चा १२०१ आहे. बहरीनमध्ये आपल्या डॉक्टरांना गाठावे, आणि जिवाचा धोका वाटला तर ९९९.

वडिलांनी 'मी कमावतो' एवढ्यावर थांबू नये. रोजचे एक ठरलेले काम घ्यावे. अंघोळ म्हणा, झोपवणे म्हणा. ते काम त्यांचेच. कार्डाची रीतही दोघांची एकच हवी. आई सुटी देते आणि बाप दटावतो, असे झाले तर मूल कोणाचेच शिकत नाही. धाकट्या भावंडाला आठवड्यातून अर्धा तास असा द्यावा, की ज्यात दादाचे नाव निघणार नाही.

समाजाने काय करावे

आपल्या सणांत माणसे फार आणि आवाजही फार. सेदेरची रात्र लांबते, रोश हाशानाला शोफार वाजतो. आवाज न सोसणाऱ्या मुलाला शोफारचे ध्वनिमुद्रण आधी आठ-दहा दिवस, अगदी हळू आवाजात ऐकवून थोडे थोडे वाढवत न्यावे. कान झाकणारे हेडफोन घालून मूल सिनेगॉगमध्ये बसले तर कोणी वळून पाहू नये. बसण्याची जागा दाराजवळ ठेवावी, म्हणजे त्याला घेऊन बाहेर पडणे आणि परत येणे सोपे जाते. मलिद्याला अशा घराला बोलावणे टाळू नये. ते आले आणि अर्ध्या तासात उठून गेले, तरी ते आले हे महत्त्वाचे.

भेटल्यावर 'देव मोठ्या मनाच्यांनाच अशी मुले देतो' असे म्हणू नये. 'अमक्याचा मुलगा अमक्या औषधाने बरा झाला' हेही नको. विचारावे, "या शुक्रवारी सकाळी मी दोन तास येऊन बसू का?" आणि मग खरोखर जावे. पहिल्या दोन वेळा आई घरीच असताना, त्याचे कार्ड, त्याचा खेळ, त्याचे खाणे समजून घ्यावे. तिसऱ्या वेळेपासून आईने बाहेर जावे. ती बाजारात जाईल, केस धुवून येईल, किंवा नुसती खाली गाडीत बसून राहील. काय केलेस म्हणून विचारू नये.

ज्यांचे नातलग परदेशात आहेत त्यांनी घरी फोन करताना मुलाशीही बोलावे, त्याने उत्तर दिले नाही तरी. आणि ज्या आई-वडिलांनी हा लेख येथपर्यंत वाचला त्यांनी आज फक्त वही आणावी आणि तीन रकाने आखावेत. कार्ड, तक्ता, तज्ज्ञ, कागदपत्रे यांकडे पुढच्या आठवड्यात वळता येईल. आठ दिवसांच्या त्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे किंवा थेरपिस्टकडे गेलात, तर पहिल्याच भेटीत बोलणे नेमके होईल.